जोखमीचे अनुमान आणि त्याचे प्रामाण्य : मॅमोग्रामवरून स्तनकर्करोगाचे भाकीत

१

निदान आणि भाकीत या वैद्यकशास्त्रातील दोन भिन्न क्रिया होत. देहात आज जी व्याधी आहे तिच्याविषयी निदान बोलते. उद्या जी उद्भवण्याचा संभव आहे तिच्याविषयी भाकीत बोलते. निदान चुकले की नाही हे बहुधा लवकरच कळते. भाकीत खरे की खोटे हे ठरण्यास वर्षे लागतात; शिवाय एका व्यक्तीच्या बाबतीत ते पूर्णतः खरे किंवा पूर्णतः खोटे असे कधी ठरतच नाही. ज्या स्त्रीला पाच वर्षांत कर्करोग होण्याचा संभव शंभरात तीन आहे असे सांगितले, तिला तो झाला तरी भाकीत सिद्ध होत नाही आणि न झाला तरी बाधित होत नाही. भाकिताची परीक्षा समुदायावरच होते. त्यामुळे तो समुदाय कोणता, हा प्रश्न येथे गौण नसून मुळातलाच ठरतो.

स्तनाच्या क्ष-किरणचित्रावरून, म्हणजे मॅमोग्रामवरून, भावी कर्करोगाची जोखीम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वर्तविण्याचे जे प्रयत्न गेल्या काही वर्षांत झाले, त्यांचे परीक्षण या दृष्टीने करणे अगत्याचे झाले आहे. अशा अनुमानावर आधारलेल्या ‘क्लॅरिटी ब्रेस्ट’ या पद्धतीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली अनुमती दिली. प्रयोगशाळेतील ही वस्तू आता बाजारात येत आहे. ती आपल्याकडेही येईल, आणि येताना आपल्या मूळ भूमीवरचे आकडे प्रमाणपत्रासारखे बरोबर घेऊन येईल. ते आकडे नेमके काय सिद्ध करतात आणि काय सिद्ध करीत नाहीत, याची छाननी त्यापूर्वीच झालेली बरी.

या छाननीसाठी दोन संशोधनकार्ये समोर ठेवणे उचित ठरेल. पहिले मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील ॲडम याला, रेजिना बार्झिले व त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘मिराई’ हे प्रतिमान. दुसरे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून चालविलेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला वीस वर्षांचा क्षेत्रीय प्रयोग. पहिल्यात यंत्र आहे, दुसऱ्यात आरोग्यसेविकेचा हात. दोन्ही कार्ये एकाच रोगाविषयी असली तरी त्यांनी विचारलेले प्रश्न निराळे आहेत. हा निराळेपणा ध्यानात न घेता त्यांची तुलना केली जाते, आणि तेथूनच गोंधळास प्रारंभ होतो.

२

चित्रावरून जोखीम ओळखण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन वुल्फ यांनी १९७६ साली स्तनातील ऊतींच्या रचनेचे प्रकार पाडून त्यांचा भावी कर्करोगाशी संबंध दाखविला होता. पुढे कॅनडातील नॉर्मन बॉइड व इतरांनी या संबंधाला मापनाची शिस्त आणली. ज्या स्त्रियांच्या चित्रात तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग दाट ऊतींचा असतो, त्यांना दहा टक्क्यांहून कमी दाटपणा असलेल्या स्त्रियांच्या मानाने चौपट ते पाचपट जोखीम असते, असे त्यांच्या २००७ सालच्या निबंधातून निष्पन्न झाले. दुसरीकडे, १९८९ सालच्या गेल यांच्या प्रतिमानापासून प्रश्नावलीवर आधारलेली एक परंपरा चालत आली होती. वय, पहिल्या अपत्याच्या वेळचे वय, निकट नात्यातील स्त्रियांचा रोगेतिहास असे प्रश्न विचारून जोखमीचा अंक काढावयाचा, ही तिची पद्धत. टायरर व क्यूझिक यांचे प्रतिमान याच परंपरेतले.

या दोन्ही परंपरांची उणीव मिराईच्या कर्त्यांनी अचूक हेरली. प्रश्नावली स्त्रीच्या चरित्राविषयी विचारते, तिच्या देहाकडे पाहत नाही. दाटपणाचे माप देहाकडे पाहते खरे, परंतु संपूर्ण चित्रातून एकच गुण उचलते. मग सबंध चित्रच यंत्रासमोर ठेवावे, पुढे कोणास रोग झाला व कोणास झाला नाही एवढेच त्यास सांगावे, आणि चित्रातील कोणत्या खुणा अर्थपूर्ण आहेत हे त्यासच शोधू द्यावे, हा त्यांचा मार्ग. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पूर्वकार्यात ३९,५७१ स्त्रियांचे सुमारे ८९ हजार मॅमोग्राम वापरले होते. त्या निबंधातील एक निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन स्त्रियांच्या बाबतीत टायरर-क्यूझिक प्रतिमानाची क्रम लावण्याची शक्ती ०.४५ एवढीच भरली. नाणे उडवून मिळणाऱ्या कौलापेक्षाही हा अंक हलका आहे. चित्र व प्रश्नावली यांचा मेळ घालणाऱ्या नव्या प्रतिमानाची शक्ती मात्र त्या स्त्रियांच्या बाबतीत ०.७१ होती, आणि गोऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही तेवढीच होती. एका समाजाच्या चरित्रावरून रचलेली प्रश्नावली दुसऱ्या समाजाला लावली की ती कशी निरुपयोगी ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय. चित्राधिष्ठित पद्धतीचे हे यश निर्विवाद आहे; पुढील टीका या यशाची कबुली देऊनच केली पाहिजे.

मिराईची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक स्तनाची वरून व तिरकस अशी दोन, म्हणजे एकूण चार चित्रे ते पाहते, त्यांचा एकत्र अर्थ लावते आणि पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत दर वर्षाची जोखीम निरनिराळी सांगते. स्त्रीचा कौटुंबिक इतिहास ठाऊक नसेल तर त्याचेही अनुमान ते चित्रावरूनच करते. निरनिराळ्या यंत्रांवर काढलेल्या चित्रांतील भेद हा देहातील भेद समजला जाऊ नये, यासाठीही त्यात योजना केलेली आहे. जपानी भाषेत ‘मिराई’ म्हणजे भविष्य. नाव महत्त्वाकांक्षी आहे. परंतु त्यामागील श्रम पोकळ नाहीत.

३

२०२१ सालच्या मुख्य निबंधात मिराईची परीक्षा बोस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालय, स्वीडनची कॅरोलिन्स्का संस्था आणि तैवानचे चांग गंग स्मारक रुग्णालय या तीन ठिकाणी झाली. २०२२ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये आलेल्या निबंधात परीक्षेचे क्षेत्र पाच देशांतील सात रुग्णालयांपर्यंत विस्तारले : अमेरिकेतील तीन, आणि इस्राएल, स्वीडन, तैवान व ब्राझील येथील प्रत्येकी एक. ६२,१८५ स्त्रियांचे १,२८,७९३ मॅमोग्राम तपासले गेले. त्यांपैकी ३,८१५ मॅमोग्रामनंतर पाच वर्षांच्या आत कर्करोग आढळला होता. सुसंगती-निर्देशांक सर्वत्र ०.७५ ते ०.८४ या पट्ट्यात राहिला.

या निर्देशांकाचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज येथेच उगम पावतात. दोन स्त्रिया घेतल्या, आणि त्यांपैकी एकीला दुसरीच्या आधी कर्करोग झाला, तर यंत्राने आधी रोग झालेल्या स्त्रीला अधिक गुण दिले असण्याचा संभव म्हणजे हा निर्देशांक. ०.५ म्हणजे निव्वळ दैव, १ म्हणजे परिपूर्ण क्रम. ०.७५ हा या क्षेत्रात चांगलाच अंक आहे. परंतु तो क्रमाचा अंक आहे. वर्गातील विद्यार्थ्यांचा क्रम बरोबर लागला म्हणून त्यांना दिलेले गुण बरोबर आहेत असे ठरत नाही. सर्वांचे गुण दुपटीने वाढविले तरी क्रम तोच राहतो. एखाद्या स्त्रीला तिची जोखीम शंभरात तीन आहे असे सांगताना त्या ‘तीन’ची शहानिशा क्रमावरून होत नाही. त्यासाठी अंशशोधन करावे लागते. म्हणजे ज्यांना तीन टक्के जोखीम सांगितली अशा स्त्रियांपैकी खरोखरच सुमारे तीन टक्क्यांना रोग झाला की नाही, हे त्याच समाजात पाहावे लागते.

याहून सूक्ष्म असा एक मुद्दा आहे. मॅमोग्राम काढल्यावर पहिल्या वर्षात ज्या स्त्रीला कर्करोग आढळतो, तिच्या देहात तो चित्र काढतेवेळी बहुधा असतोच. तो दिसला नाही किंवा दिसूनही ओळखला गेला नाही, एवढेच. अशा वेळी यंत्राने अधिक जोखीम वर्तविली, तर ते भाकीत म्हणावे की उशिरा ओळखलेले निदान? पाच वर्षांचा एकत्रित निर्देशांक या दोहोंची बेरीज असतो. सात रुग्णालयांत सर्वांत वरचा अंक, ०.८४, ब्राझीलमधील बारेटोस येथील आहे, ही गोष्ट येथे सहजच मनात येते. तेथील यंत्र अधिक हुशार नव्हते. यंत्र सर्वत्र एकच होते. जेथे पूर्वी नियमित तपासणी झालेली नाही तेथे पहिल्याच चित्रात जुने, वाढलेले रोग अधिक सापडणार आणि क्रम लावणे सोपे होणार, हे एक संभाव्य स्पष्टीकरण होय. ते खरे असेल, तर अविकसित प्रदेशात मिळालेला मोठा निर्देशांक हा यंत्राच्या दूरदृष्टीचा पुरावा ठरत नाही. त्या प्रदेशातील स्त्रियांकडे आजवर कोणी पाहिलेच नव्हते, हेच त्यातून दिसते. निदान व भाकीत यांची सरमिसळ करणाऱ्या प्रत्येक अंकाकडे या संशयाने पाहिले पाहिजे.

रोग ओळखण्याच्या कामी यंत्राचे साहाय्य घेणे, हा प्रश्न स्वतंत्र आहे. स्वीडनमधील ‘मासाय’ प्रयोगात ८०,०३३ स्त्रियांच्या तपासणीत यंत्राच्या मदतीने क्ष-किरणतज्ज्ञांचे चित्रवाचनाचे काम ४४.३ टक्क्यांनी कमी झाले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. तो निदानाचा प्रयोग होता, आणि स्त्रियांची यदृच्छया विभागणी करून केलेला होता. त्याचे यश भाकिताच्या प्रतिमानांच्या खात्यावर जमा करता येत नाही.

४

आता मुंबईच्या प्रयोगाकडे वळणे प्राप्त आहे. तेथे संगणक नव्हता, मॅमोग्रामही नव्हता. मुंबईतील वीस वस्त्या निवडून त्यांचे दहा-दहाचे दोन गट यदृच्छया पाडले होते. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा त्यात समावेश होता : तपासणीच्या गटात ७५,३६० आणि तुलनेच्या गटात ७६,१७८. तपासणीच्या गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी एकदा अशी चार वेळा हाताने स्तनतपासणी केली व कर्करोगाविषयी माहिती दिली; नंतर दर दोन वर्षांनी घरोघर जाऊन पाच फेऱ्यांत त्यांची विचारपूस ठेवली. तुलनेच्या गटाला एकदा माहिती देऊन पुढे आठ फेऱ्यांत केवळ विचारपूस केली.

प्रयोगाचे फलित असे : तपासणीच्या गटात रोग सरासरी ५५.१८ व्या वर्षी ओळखला गेला, तुलनेच्या गटात ५६.५० व्या वर्षी. तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेतील रोगाचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. स्तनकर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दर लक्ष व्यक्तिवर्षांमागे २४.६२ ऐवजी २०.८२ राहिले, म्हणजे १५ टक्क्यांनी घटले; परंतु ही घट संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीस किंचित कमी पडली. पन्नास व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत मात्र ही घट सुमारे तीस टक्के होती आणि ती कसोटीसही उतरली. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये घट दिसली नाही.

या प्रयोगावरही आक्षेप घेता येतात आणि ते घेतले पाहिजेत. वयानुसार केलेले पृथक्करण प्रयोग संपल्यानंतरचे आहे. अशा पृथक्करणावर संपूर्ण इमारत उभारणे धोक्याचे असते. वीस वस्त्या ही यदृच्छ विभागणीसाठी थोडी संख्या आहे. तुलनेच्या गटातील स्त्रियांना वीस वर्षे केवळ विचारपुशीवर ठेवणे कितपत न्याय्य होते, हा नैतिक प्रश्न तर आहेच. याच प्रयोगातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या भागासंबंधी तो तीव्रतेने विचारला गेला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर सर्वांना मिळाले असे म्हणता येत नाही.

तथापि या प्रयोगाने विचारलेला प्रश्न मिराईने विचारलेलाच नाही. कोणाला रोग होईल, असे मिराई विचारते; मृत्यू टळला का, असे मुंबईचा प्रयोग विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर साठविलेल्या चित्रांवरून काही महिन्यांत मिळू शकते. दुसऱ्याच्या उत्तरासाठी दारोदार जावे लागते, स्थलांतरित कुटुंबांचा माग ठेवावा लागतो, मृत्यूंच्या कारणांची नोंद घ्यावी लागते, आणि वीस वर्षांच्या अखेरीस मिळणारे उत्तर ‘काही अंशी’ एवढेच असेल, हे पत्करावे लागते. मुंबईच्या प्रयोगाचे मोठेपण त्याच्या निष्कर्षात जेवढे आहे, तेवढेच हे पत्करण्यात आहे.

५

ही सर्व चर्चा एखाद्या ठिकाणाशी जोडल्यावाचून निष्फळ ठरेल. ठाणे व डोंबिवली यांच्या दरम्यानचे दिवा हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. येथून एक रेल्वेमार्ग पनवेलकडे व एक वसईकडे फुटतो. कोकणात जाणाऱ्या काही गाड्याही येथूनच सुटतात. ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील या गावात गेल्या काही दशकांत चाळी व इमारती यांची दाटी झाली. मुंबईत जागा न परवडणारी, कोकणाशी नाते राखून असलेली, रोजच्या लोकलवर पोट असलेली कुटुंबे येथे मोठ्या संख्येने स्थिरावली. महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय कळव्यास, आणि टाटा स्मारक रुग्णालय परळला. दिव्यातील घरकाम करणाऱ्या किंवा कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने दोन्हींचे अंतर मैलांत मोजता येत नाही. ते बुडालेल्या खाड्यांत मोजावे लागते.

सात रुग्णालयांच्या यादीत ही स्त्री कोठे बसते? यादीत भारतातील एकही रुग्णालय नाही. परंतु केवळ ‘आमचे रुग्णालय नाही’ असे म्हणणे ही टीका नव्हे, तो अभिमान झाला. तैवान व स्वीडन येथील देहांचा भेद जर यंत्राने पचविला असेल, तर ठाण्यातील देहाचाही पचवील, असे म्हणण्यास जागा आहे. खरा भेद देहाचा नसून परिस्थितीचा आहे, आणि तो तीन ठिकाणी आढळतो.

पहिला भेद रोगाच्या प्रमाणाचा. जागतिक कर्करोग-गणनेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात स्तनकर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळतात व सुमारे ९८ हजार मृत्यू होतात. वयमानानुसार समायोजित प्रमाण मात्र दर लक्ष स्त्रियांमागे सुमारे २७ आहे. अमेरिकेत ते सुमारे ९५ आहे. या अंतराचा परिणाम एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. दहा हजार स्त्रियांच्या समूहात पाच वर्षांत शंभरजणींना रोग होणार आहे असे धरावे. यंत्राने अधिक जोखमीच्या म्हणून एक हजार स्त्रिया निवडल्या आणि होणाऱ्या रोगांपैकी चाळीस टक्के त्यांत आले, म्हणजे चाळीसजणी. पंचवीस निवडलेल्या स्त्रियांमागे एक. (मिराईने बोस्टनमध्ये पाच वर्षांत रोग झालेल्यांपैकी ४१.५ टक्के स्त्रियांना अधिक जोखमीच्या गटात घातले होते, तर टायरर-क्यूझिक प्रतिमानाने २२.९ टक्के. तेव्हा चाळीसचा आकडा यंत्राला अन्याय करणारा नाही.) आता दुसऱ्या समूहात शंभरऐवजी तीसजणींनाच रोग होणार असेल, तर त्याच गुणवत्तेचे यंत्र निवडलेल्या हजारांत बाराजणींनाच गाठील. त्र्याऐंशी निवडलेल्या स्त्रियांमागे एक. यंत्र तेच, क्रम लावण्याची शक्ती तीच. परंतु ‘तुम्हांला धोका अधिक आहे’ हे वाक्य ऐकून घरी परतणाऱ्या आणि पुढे रोग न होणाऱ्या स्त्रियांची संख्या येथे हजारात ९८८ होते. या प्रत्येक वाक्यामागे एक फेरी, एक खाडा आणि कित्येक रात्रींची झोप खर्ची पडते.

दुसरा भेद नोंदींचा. ज्या समुदायांवर मिराई घडले व तपासले गेले, त्यांतील स्त्रिया पुनःपुन्हा तपासणीस येत होत्या आणि त्यांचे पुढे काय झाले हे लिहिलेले होते. भाकीत शिकण्यास चित्राइतकीच ही नोंद आवश्यक असते. मुंबईत भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ साली देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी सुरू केली, आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. महाराष्ट्राचा हा वारसा असाधारण आहे. परंतु मुंबईची नोंदणी मूलतः बृहन्मुंबईसाठी आहे. दिवा त्या सीमेच्या पलीकडे पडते, आणि दिव्यातील स्त्रीचे कामाचे ठिकाण एका शहरात, घर दुसऱ्या शहरात व माहेर-सासर कोकणात असते. तिचा मागोवा ठेवणे ही तांत्रिक बाब नव्हे. ती प्रशासनाची व चिकाटीची बाब आहे.

तिसरा भेद पुढच्या पायरीचा. बोस्टनमध्ये अधिक जोखीम सांगितलेल्या स्त्रीपुढे चुंबकीय प्रतिमेची तपासणी, वर्षाकाठी मॅमोग्राम आणि प्रतिबंधक औषध असे पर्याय असतात. त्यांमुळेच जोखमीचा अंक तेथे अर्थपूर्ण होतो. आपल्याकडे २०१६ सालच्या राष्ट्रीय कार्यचौकटीनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी एकदा हाताने स्तनतपासणी व्हावयाची आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची स्तनतपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती अशांचे प्रमाण ०.९ टक्के भरले. ज्या देशात शंभरांतील नव्व्याण्णव स्त्रियांना पहिल्या पायरीवर पाय ठेवता आलेला नाही, तेथे दहाव्या पायरीची उंची मोजण्याचे उपकरण आधी आणावे काय, असा हा प्रश्न आहे.

६

या युक्तिवादाला यंत्राच्या पुरस्कर्त्यांचे एक सबळ उत्तर आहे, आणि ते टाळून चालणार नाही. ते असे : साधने अपुरी आहेत म्हणूनच निवड करावी लागते. सर्व स्त्रियांना वारंवार मॅमोग्राम देणे शक्य नाही. मग एकदाच चित्र काढून जोखीम ठरवावी आणि जिला गरज अधिक तिलाच पुन्हा बोलवावे. कमी जोखमीच्या स्त्रियांची व्यर्थ पायपीट वाचेल आणि थोड्या तज्ज्ञांचे श्रम योग्य जागी लागतील. श्रीमंत देशात हे यंत्र सोय असेल. गरीब देशात ती गरज आहे.

या उत्तरात तथ्य आहे. विशेषतः तज्ज्ञांच्या तुटवड्याचा मुद्दा खरा आहे. परंतु त्यात एक गृहीत लपलेले आहे, ते हे की प्रत्येक स्त्रीचे निदान पहिले चित्र तरी निघालेले असेल. मिराई चित्र वाचते. चित्र काढीत नाही. मॅमोग्राफीचे यंत्र, ते चालविणारी प्रशिक्षित स्त्री, वीज, आडोसा, चाचणीनंतर गाठीचा तुकडा तपासणारी प्रयोगशाळा आणि शस्त्रक्रियेची खाट यांपैकी कशाचीही जागा ते घेऊ शकत नाही. शिवाय तरुण वयात ऊती दाट असल्यामुळे मॅमोग्राममध्ये लहान गाठ लपून जाण्याचा संभव वाढतो. ज्या देशात तिशीपासून तपासणी करण्याचे धोरण आहे, तेथे हा दोष उपेक्षणीय नाही. मुंबईच्या प्रयोगात पन्नाशीच्या आतील स्त्रियांना हाताच्या तपासणीचा लाभ दिसला नाही हे खरे. परंतु त्यावरून चित्राधिष्ठित भाकिताचा त्यांना लाभ होईल असे अनुमान निघत नाही. एका साधनाचे अपयश दुसऱ्याचे यश सिद्ध करीत नाही.

उलट बाजूने अतिरेक करणेही चुकीचे ठरेल. यंत्र परकीय आहे, म्हणून ते त्याज्य आहे, ही भूमिका विद्यापीठीय विचारास शोभणारी नाही. प्रश्नावलीच्या परंपरेने आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांवर जो अन्याय केला, तो चित्राधिष्ठित पद्धतीने दूर केला, ही गोष्ट वर नमूद झालीच आहे. दिव्यातील जिला आपल्या आजीच्या मृत्यूचे कारण कोणी सांगितले नाही, जिच्या घरात ‘छातीची गाठ’ हा शब्द उच्चारला जात नाही, तिच्याकडून कौटुंबिक इतिहासाच्या प्रश्नावलीची उत्तरे मिळविण्यापेक्षा तिचे चित्र वाचणे अधिक विश्वसनीय ठरण्याचा संभव आहे. मौनाने झाकलेल्या इतिहासाला वळसा घालून जाण्याची ही शक्ती मिराईसारख्या प्रतिमानाचा खरा गुण होय. आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने तो त्याच्या निर्देशांकापेक्षा मोलाचा आहे.

७

तात्पर्य, या विषयात तीन विधाने वेगळी ठेवली पाहिजेत. यंत्र स्त्रियांचा क्रम बरा लावते, हे पहिले. ते पाच देशांत पुष्कळ अंशी सिद्ध झाले आहे. यंत्राने सांगितलेला अंक या समाजात खरा आहे, हे दुसरे. ते येथील स्त्रियांवर, येथील नोंदींवर तपासल्यावाचून म्हणता येत नाही. यंत्र वापरल्याने मृत्यू टळतात, हे तिसरे. ते चित्रांच्या संग्रहावर कितीही निर्देशांक काढले तरी सिद्ध व्हावयाचे नाही. त्याला मुंबईच्या प्रयोगासारखीच वाट चालावी लागेल. पहिल्या विधानाच्या बळावर तिसरे विकले जाते, हा या क्षेत्रातील आजचा प्रमुख तर्कदोष होय.

संशोधनाच्या दृष्टीने यातून कार्यक्रमही निघतो. टाटा स्मारक केंद्र व त्याच्या सहकारी संस्थांनी कर्करोगाच्या प्रतिमांची राष्ट्रीय पेढी उभारण्याचे काम हाती घेतले. त्यात प्रारंभी डोके-मान व फुफ्फुस यांच्या कर्करोगांना स्थान मिळाले. स्तनाच्या चित्रांची अशी पेढी बांधून ती लोकसंख्याधिष्ठित नोंदणीशी जोडली, आणि नोंदणीची सीमा ठाणे-कल्याणच्या वस्त्यांपर्यंत नेली, तर दुसऱ्या विधानाची परीक्षा काही वर्षांत होऊ शकेल. हे काम वैद्यकाच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही. संख्याशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, लोकप्रशासन या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यात करण्यासारखे पुष्कळ आहे. स्थलांतरित कुटुंबांचा दहा वर्षे मागोवा कसा ठेवावा, हा एकच प्रश्न अनेक प्रबंधांना पुरेल. तिसऱ्या विधानासाठी यदृच्छ विभागणीचा क्षेत्रीय प्रयोग लागेल. तो योजताना तुलनेच्या गटाला निदान राष्ट्रीय कार्यचौकटीतील तपासणी तरी प्रत्यक्ष मिळेल, ही अट मुंबईच्या अनुभवावरून घालून घेतली पाहिजे.

तोवर एक व्यावहारिक कसोटी पुरेशी आहे. कोणत्याही संस्थेने दिव्यासारख्या वस्तीत हे यंत्र नेण्यापूर्वी एवढेच सांगावे : ज्या स्त्रीला अधिक जोखीम आहे असे ठरेल, तिने दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जावे, तेथे तिला कोण भेटेल, आणि त्या दिवसाची तिची मजुरी कोण भरून देईल. या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्यापाशी तयार असतील त्यांच्या हाती भाकीत हे उपचाराचे साधन ठरेल. ती ज्यांच्यापाशी नसतील, त्यांनी तूर्त आरोग्यसेविकेस त्या वस्तीत पाठवावे. तिच्या हाताने काय साधते व काय साधत नाही, हे तरी वीस वर्षे मोजलेले आहे.